काबाड कशाला म्हणायचं, वेठ कशाला



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या बायका कर्जाचे अर्ज भरायला बसल्या होत्या. लिहिणारी एक, सांगणाऱ्या बाकीच्या. नाव, वय, गाव इथपर्यंत सगळं भराभर झालं. मग व्यवसायाचा रकाना आला. पहिली म्हणाली, “काय नाय, घरीच असते.” दुसरी म्हणाली, “माझं पण तेच लिही.” असं करता करता निम्म्याहून जास्त जणींचा व्यवसाय ‘काय नाय’ झाला. त्यातली एक वहिनी पहाटे पाण्याच्या दोन खेपा करून, गोठा झाडून, भाकऱ्या थापून, दुपारच्या चुलीला लाकडाची मोळी आणून टाकून मग बैठकीला आली होती.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक काकी बोलल्या, “काय नाय कसं गो? जन्मभर काबाड उपसतोय आपण. ते कुठं गेलं?”

सगळ्या हसल्या. पण त्या दिवशी अर्ज बाजूला राहिले आणि बोलणं सुरू झालं ते या एका शब्दावर. काबाड म्हणजे नक्की काय? कष्ट आणि काबाड एकच का? आणि अंगाला दमवणारं सगळंच काम आपण एकाच टोपलीत का टाकतो? त्या दिवशी आम्ही जे बोललो आणि नंतर जे शोधलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी आपल्या बोलीकडेच बघू. दमवणाऱ्या कामासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! नाकी नऊ येतात, मेटाकुटीला येतो, घायकुतीला येतो, कंबरडं मोडतं, हाडाची काडं होतात, रक्ताचं पाणी होतं. आणि दमण्याच्या सुद्धा पायऱ्या आहेत. दम लागतो तो चढ चढताना. घटकाभर दगडावर टेकलं की जातो. थकवा येतो तो दिवसभराच्या कामानं. रात्री झोपलं की सकाळी अंग हलकं होतं. शीण मात्र झोपूनही उरतो. तो नुसत्या अंगाचा नसतो, मनाचाही असतो. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, “थकले नाय बाय, शिणले.” या दोन शब्दांत फरक आहे, आणि तो फरक आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावर झेलून शिकलेला आहे.

आता कामाचे शब्द घेऊ. आम्ही चार शब्द निवडले: कष्ट, काबाड, जिकीर आणि वेठ.

पहिला कष्ट. हा संस्कृतातून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ अवघड, दुःखाचं. पण मराठीनं त्याला मान दिला. कष्टकरी म्हटलं की आपली मान खाली जात नाही, ताठ होते. कष्टाची भाकरी गोड लागते. त्याचा सोबती मेहनत. तो अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. अरबीत त्याचा अर्थ कसोटी, परीक्षा, हालअपेष्टा. म्हणजे दोन्ही शब्द दुःखाच्या घरातून निघाले आणि आपल्याकडे येऊन अभिमानाचे झाले. ज्या श्रमातून काही उगवतं, काही उभं राहतं, आणि ते आपलं असतं, त्याला आपण कष्ट म्हणतो. लावणी हे कष्ट आहेत. पाठ मोडते, पण आश्विनात खाचर पिवळं झालं की ते आपण लावलेलं असतं.

दुसरा शब्द काबाड. काबाड म्हणजे मुळात रानातून आणलेलं ओझं. लाकूडफाटा, गवत, पाला असं लादून आणायचं, आणि ते आणणारा तो काबाडी. पुढे या ओझ्याचा शब्द सगळ्याच जड, कंटाळवाण्या, न संपणाऱ्या कामाला लागला आणि कष्टाला चिकटून काबाडकष्ट झाला. आपल्या महाड-पोलादपूरच्या बाईला हा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. राबासाठी कवळ तोडायची, पाला-शेण डोक्यावरून वाहायचं, ते पसरून भाजायचं, पावसाआधी लाकडं भरून ठेवायची, गवताचे भारे उतारावरून आणायचे. चाकरमानी मुंबईला, आणि डोंगराचं ओझं घरच्या बाईच्या डोक्यावर. काबाड हा शब्द जणू आपल्याच वाटेवर जन्मला.

कष्ट आणि काबाड यांत फरक काय? आम्हाला तो असा दिसला. कष्टाचं फळ दिसतं, काबाड रोज पुसलं जातं. आज आणलेलं पाणी उद्या संपतं. आज आणलेली मोळी उद्या राख होते. परवा पुन्हा तीच वाट. आणि मोजलं नाही तर ते आपल्यालाही दिसत नाही.

म्हणून आम्ही मोजलं. हंडा पंधरा लिटरचा आणि कळशी आठ लिटरची धरा. एका खेपेला तेवीस लिटर, म्हणजे तेवीस किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. दिवसाला चार खेपा केल्या तर ब्याण्णव किलो. तीस दिवसांत दोन हजार सातशे साठ किलो, म्हणजे पावणेतीन टन. एखादा लहान टेम्पो भरेल एवढं पाणी एक बाई महिन्याभरात डोक्यावरून आणि कमरेवरून वाहते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सावित्री दुथडी भरून वाहते, आणि एप्रिल-मे आला की डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. पाणी उतारावरून निघून जातं. उरलेलं वर चढवायचं काम बाईचं.

हा आकडा ऐकल्यावर मघाची वहिनी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं होतं, जड काम करता का? मी म्हटलं, नाय, घरचंच करते.” तिला कंबरदुखी होती आणि अंग खाली आल्यासारखं वाटत होतं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बाळंतपणानंतर लवकर जड उचललं, किंवा वर्षानुवर्षं जड ओझी वाहिली, तर अंग बाहेर येण्याचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांना आपण पावणेतीन टनाला ‘घरचंच’ म्हणून सांगितलं, तर त्यांनी दुखणं ओळखायचं कसं? दवाखान्यात गेलात की स्पष्ट सांगा: एवढ्या खेपा, एवढं वजन, एवढा चढ. हा शब्द नीट वापरायचा तो नुसता बोलण्यापुरता नाही. औषधोपचार त्यावर ठरतो.

तिसरा शब्द जिकीर. हे काम वजनानं जड नसतं. ते किचकट असतं, लक्ष खाणारं असतं, चुकलं तर बोल लावणारं असतं. तांदळातले खडे निवडणं, वरी-नाचणीतलं तण काढणं, आजारी सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, रांगत्या पोराला चुलीपासून दूर ठेवत स्वयंपाक करणं, शिधापत्रिकेवरच्या नावातली चूक दुरुस्त करायला चकरा मारणं. अशा कामाला आपण जिकिरीचं म्हणतो. मोठ्या जिकिरीनं झालं, असं म्हणतो. हे काम करताना बाई बसलेली दिसते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, ही निवांत आहे. शीण येतो तो बहुतेक जिकिरीच्या कामानं. कारण त्यात अंगाला विसावा मिळाला तरी मनाला मिळत नाही.

आता चौथा शब्द, वेठ. इथे जरा थांबायला हवं, कारण हा शब्द बाकी तिघांसारखा नाही.

वेठ हा फार जुना शब्द. संस्कृतातल्या विष्टि या शब्दापासून तो आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि आहे, म्हणजे सक्तीनं करून घेतलेलं काम. त्याला जोडून येतो तो बिगार, फारसीतल्या बेगारपासून, म्हणजे मजुरीवाचून काम. दोन्ही मिळून वेठबिगार. वेठीस धरणं हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. आणि मनापासून न केलेल्या कामाला म्हणतो, वेठ वारल्यासारखं केलं. बघा, भाषेनं किती खरं सांगितलं आहे. सक्तीच्या कामात जीव ओतला जात नाही. दोष हाताचा नसतो, सक्तीचा असतो.

आपल्या भागानं वेठ जवळून पाहिली आहे. कोकणात खोती होती. कुळानं खोताला धान्य तर द्यायचंच, शिवाय खोताच्या शेतावर आणि घरी फुकट राबायचं. मुंबई राज्यानं १९४९ साली कायदा करून खोती बंद केली. महार वतनाचंही तसंच. वतनदार म्हणायचे, पण कामाला वेळ-काळ नव्हता. सरकारी सांगावा, सामान, निरोप, दिवसा-रात्री कधीही बोलावणं यायचं. घरचा पुरुष नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला जावं लागायचं.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसोबत घेतलं, हे आपण जाणतो. त्यानंतर वर्षभरानं, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. कामाचे तास, कामाचा मोबदला आणि नको असेल तर त्यातून सुटण्याची वाट, हे त्यांचं मागणं. अशी कनिष्ठ वतनं बंद करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. त्याआधी स्वतंत्र भारताच्या संविधानात अनुच्छेद २३ आला आणि त्यात वेठबिगारीला बंदी झाली. १९७६ साली वेठबिगार पद्धत बंद करणारा वेगळा कायदा झाला. तरीही आपल्या रायगडातले कातकरी बांधव आणि भगिनी आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही अशी वेळ त्यांच्यावर येते. कायद्याच्या भाषेत उचलीपोटी अडकवून करून घेतलेलं काम ही वेठच आहे. त्याची तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते.

मग प्रश्न आला, काम जड असलं की ती वेठ का? आमच्यातली एक जण म्हणाली, “नाय. सावड बघ.” आणि तिनं बरोबर बोट ठेवलं. लावणीला आपण सावड करतो. आज तुझ्या खाचरात दहा जणी, उद्या माझ्या. घाटावर कुठे याला पैरा म्हणतात. काम तेच, चिखल तोच, वाकलेली पाठ तीच. पण सावड फिटते आणि वेठ फिटत नाही. सावडीत आपण आपल्या मर्जीनं जातो, आणि आपली पाळी आली की माणसं येतात.

२२ जुलै २०२१ चा पूर आठवा. महाडच्या घराघरांत, दुकानांत चिखल भरला होता. त्याच पावसात तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. त्यानंतरचे दिवस लोकांनी एकमेकांच्या घरातला चिखल उपसला. त्याहून दमवणारं काम आम्ही पाहिलं नाही. पण ‘वेठीला धरलं’ असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे वेठ ओझ्याच्या वजनावर ठरत नाही. नाही म्हणायची मुभा आहे का आणि केलेल्याची जाण कुणाला आहे का, यावर ती ठरते.

हे मोजमाप आता घरात लावून बघा. नणंदेचं लग्न आहे, आपण आनंदानं राबतो, ती सावड. पण गावातल्या एखाद्या मोठ्या घरी कार्य निघालं की ठराविक घरच्याच बायकांना भांडी घासायला बोलवायचं, मजुरी विचारली तर “आपलंच घर समज” म्हणायचं, हे काय? घरातही तापानं फणफणलेल्या सुनेनं पाणी आणायचंच, आणि धडधाकट मुलगा ओट्यावर बसून राहणार, हे काय? शब्द उच्चारायला जड आहे, पण उत्तर आपल्याला माहीत आहे.

काही जणी म्हणतील, आपल्या आया-आज्यांनी केलं, आपण का कुरकुरायचं? बाईच्या कामाला हलकं केलं की त्याची शोभा जाते, असंही ऐकायला मिळतं. यावर जात्याचं उदाहरण घ्या. पहाटे उठून दळायचं, हाताला फोड यायचे, आणि त्याच जात्यावर बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या. पुढे गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओवी राहिली, दळणाचं काबाड गेलं. गिरणी बंद करा, पुन्हा जातं द्या, असा अर्ज घेऊन एकही बाई ग्रामपंचायतीत गेली नाही. ओवीला मान द्यायला हाताला फोड यावे लागत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: प्रत्येक कामाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा, कारण नावावरून पुढचं ठरतं.

कष्ट असतील तर ते मोजा आणि सांगा. केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष ते काम करतात ते ८८ मिनिटं. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं कमी केली! जनगणनेत १९९१ पासून विचारलं जातं की स्वतःच्या शेतावर बिनमजुरीचं काम केलं का. पुढची जनगणना २०२७ ची आहे. दारात माणूस आला की ‘काय नाय’ म्हणू नका. लावणी केली, कापणी केली, झोडणी केली, तर तुम्ही शेतात काम करणाऱ्या आहात. तसं सांगा, आणि तसंच लिहिलं का ते बघा.

काबाड असेल तर ते हलकं करायची वाट शोधा. भात कापायला दातेरी वैभव विळा मिळतो. तो हलका आहे आणि कृषी विभाग त्याची शिफारस करतो. दहा जणींनी मिळून विकत घेतला तर भारी पडत नाही. वरच्या झऱ्याचं पाणी पाइपनं वाडीपर्यंत उतारानं येऊ शकतं, त्याला पंप लागत नाही. ग्रामसभेत हा विषय मांडताना ‘पाण्याची गैरसोय आहे’ एवढंच म्हणू नका. ‘आमची प्रत्येक बाई महिन्याला पावणेतीन टन पाणी वाहते’ असं म्हणा. आणि ओझं उचलायचंच असेल तर हंडा थोडा कमी भरा, एक खेप वाढली तरी चालेल. नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईला खेपेला पाठवू नका.

जिकीर असेल तर ती वाटून घ्या. गोळ्यांच्या वेळा मुलगा सांभाळू शकतो, कागदपत्रांची चकर नवरा मारू शकतो, तांदूळ निवडायला सगळं घर बसू शकतं. जिकीर एकीच्या डोक्यात राहिली की तिचा शीण होतो.

आणि वेठ असेल तर नकार द्या. एकटीनं नाही जमणार, गटानं द्या. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला. तेवढ्याच लावणीला पुरुषाला एक आणि बाईला दुसरी मजुरी, हे कायद्यात बसत नाही.

आमच्या गटात आम्ही एक साधी गोष्ट केली. मोठ्या कागदावर चार चौकोन आखले आणि एका दिवसाची सगळी कामं, उठल्यापासून झोपेपर्यंत, एकेका चौकोनात टाकली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्रं काढली, हंडा, मोळी, गोळ्यांची डबी. वाद झाले. एकीला गुरं राखणं काबाड वाटलं, दुसरी म्हणाली, “तेवढाच मला मोकळा वारा.” तेही बरोबरच. एकच काम दोघींना दोन चौकोनांत पडू शकतं. सगळ्यांत जास्त गर्दी झाली ती काबाडाच्या चौकोनात. वेठीच्या चौकोनात सुरुवातीला कुणीच काही टाकेना. मग काकींनी पेन मागून घेतलं आणि काही न बोलता एक चित्र काढलं, भांड्यांचा ढीग. त्यानंतर तो चौकोनही भरला.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे करून बघा. तासाभराचं काम आहे. कागद जपून ठेवा आणि ग्रामसभेला जाताना बरोबर न्या.

राहिले ते अर्ज. ते आम्ही त्याच संध्याकाळी पूर्ण केले. व्यवसायाच्या रकान्यात कुणी शेती लिहिली, कुणी शेतमजुरी, कुणी गुरं पाळते असं लिहिलं. वहिनीनं दोनदा विचारलं, “शेतकरी लिहू ना? जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे.” काकी म्हणाल्या, “लावणी कोण करतं?” “मीच.” “मग लिही.”

तिनं लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली. या वेळी तिनं खेपा मोजून सांगितल्या.